दारावरचे राघू

सांगलीच्या हळदपेठेत तवनाप्पा मान वर करून चालत. लोकांना वाटे, अडत्याला पैशाचा माज आलाय. खरं म्हणजे ते जुन्या घरांचं लाकूडकाम बघत. कुणाच्या सज्ज्याला कमळं आहेत, कुणाच्या तुळईला हत्तीची सोंड, सगळं तोंडपाठ. त्या घरात राहतं कोण, याचा पत्ता नसे. हळदीच्या पोत्यांना अडखळून कितीदा तरी आपटले, पण सवय सुटली नाही.

त्र्याहत्तर साली गुणमालाकाकूंनी नवऱ्याला, म्हणजे ह्या तवनाप्पांना, मुलासाठी, अजितकुमारसाठी, मुलगी बघायला आष्ट्याला पाठवलं. इथंच काकूंचं चुकलं.

मुलीचे वडील पायगोंडा पाटील. त्यांच्या सोप्यातून माजघरात जायच्या दाराच्या सागवानी चौकटीवर, माथ्याला, राघूंची जोडी कोरलेली होती. मुलगी, चंदनबाला, पोहे घेऊन त्याच दारातून आली, तरी तवनाप्पांची नजर वरच.

"कोयनेच्या भूकंपात घराला कायबी झालं न्हाई हो," पायगोंडा घाईघाईनं म्हणाले.

तवनाप्पांनी मुलीला एकच प्रश्न विचारला. "हे राघू कुणाच्या वेळचं?"

"पणज्याच्या. ल्हानपणी मी त्यास्नी दाणं टाकायची."

तवनाप्पांनी तिथंच होकार दिला.

घरी काकूंनी विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"चोच लय नाजूक हाय," तवनाप्पा म्हणाले. काकूंनी कपाळाला हात लावला.

तिकडं पायगोंडांना झोप लागेना. व्याही सारखे वर बघत होते, म्हणजे घर जुनाट वाटलं असणार. एकुलत्या एक पोरीला सासरी टोमणे नकोत, म्हणून त्यांनी लग्नाआधी ती चौकटच उपटली. सिमेंटचा गिलावा, पिस्त्याचा रंग, सनमायकाचं दार.

वऱ्हाड पोचल्याबरोबर त्यांनी व्याह्यांना दारापुढं नेलं. "आता बघा, पाव्हणं! तुमच्यासाठनंच केलंय."

तवनाप्पांनी बघितलं. "झ्याक हाय," म्हणाले. मग जरा वेळानं, "जुनी चौकट?"

"आचाऱ्याला दिली. सागवान लय झ्याक जळतंय."

मागच्या अंगणात चुलाण धडधडत होतं. बुंदी उत्तम झाली होती. तवनाप्पांनी पानात वाढू दिली नाही.

पाठवणीच्या वेळी चंदनबाला त्या दाराशी थांबली, वरच्या कोऱ्या भिंतीकडं बघितलं आणि तिला हुंदका फुटला. बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय, रडू द्या. डोक्यावर हात ठेवायला तवनाप्पा पुढं झाले, त्यांनीही तिकडंच बघितलं आणि सुनेबरोबर ढसाढसा रडले. मुलाचा बाप पाठवणीला रडल्याचं सांगलीत कुणी ऐकलं नव्हतं.

पायगोंडा मात्र त्या दिवशी निर्धास्त झोपले. एवढ्या मायेचा सासरा, म्हणाले, हुडकूनबी गावायचा न्हाई.