मागं यायचं बटण

तुमची पोरगी काय करते, असं गल्लीत कुणी विचारलं की आई सांगते, "मोबाईलमधलं." असं ठसक्यात सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, मोबाईल मीच शोधून काढला. सिडकोतल्या एका लहानशा कंपनीत मी लोकांसाठी ॲप बनवते. त्यातही माझ्या वाट्याला येतं ते बिनकौतुकाचं काम. कुठल्या स्क्रीनवरून कुठं जायचं आणि तिथून मागं कसं यायचं, एवढंच. पुढं जायचं सगळ्यांना सुचतं हो. मागं यायचा विषय निघाला की सगळे माझ्याकडं बोट दाखवून मोकळे.

हे काम दिसतं तितकं सोपं नाय. ॲपमधल्या स्क्रीन एकीवर एक चढत जातात, ताटांच्या थप्पीसारख्या. मागचं बटण दाबलं की वरचं ताट उचललं जातं आणि खालचं दिसतं. सगळी ताटं उचलून झाल्यावरही कुणी बटण दाबलं तर काय करायचं, ॲप बंद करायचं की गप्प बसायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते मी ठरवते. चुकलं तर माणूस अर्धा तास खपून भरलेला फॉर्म एका बोटात घालवतो आणि मग ऑफिसात फोन करून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मी पण ऐकून घेत नाय म्हणा. तोंडाला मी लई फाटकी, हे सगळ्यांना माहितीये.

माझे पप्पा लाल बस चालवायचे. रिटायर झाले, वर्षभर मजेत काढलं, आणि गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून रेझर खाली पडला. लकवा. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. पाय हळूहळू आला, काठी धरून अंगणापर्यंत जायला लागले. बोलणं काही आलं नाय. समजायचं सगळं. माझ्या आईवर मी खेकसले की डोळे वटारायचे, शेजारच्यांनी टीव्हीवरचं काही सांगितलं की हसायचे. तोंडातून मात्र एकच शब्द फुटायचा, "आरं". पाणी पाहिजे, आरं. पंखा लाव, आरं. कुणी घरी येऊन जयभीम म्हटलं की डावा हात छातीशी नेऊन आरं, आणि मग मान खाली. ती खाली गेलेली मान मला बघवायची नाय.

आई अंगणवाडीत मदतनीस. तिनं होती नव्हती तेवढी रजा संपवली. पुढच्या महिन्यापासून तिला जायलाच लागणार होतं, आणि मी ऑफिसात. म्हणजे दहा ते दोन पप्पा घरात एकटे. लासूर स्टेशनला माझी आत्या असते, पप्पांची मोठी बहीण. तिनं फोनवर सरळ सांगितलं, "माझ्याकडं आणून सोडा त्याला. माझा भाऊ हाय, मला काय जड नाय." आत्याच्या मनात मायाच होती, तिला नावं ठेवायला जागा नाय. पण फोन स्पीकरवर होता आणि पप्पांनी ऐकलं. भिंतीकडं तोंड करून झोपले. संध्याकाळी जेवले नाय. त्यांना आपलं मुकुंदवाडीतलं घर सोडायचं नव्हतं, हे कळायला शब्द कशाला लागतो?

म्हणून मी त्यांच्यासाठी ॲप बनवलं. पुढं मोठी मोठी चित्रं. पाणी, चहा, पंखा, बाथरूम, जयभीम, दुखतंय. चित्रावर बोट ठेवलं की फोन मोठ्यानं बोलायचा. शेजारच्या काकूंचं स्वयंपाकघर आमच्या भिंतीला लागूनच, त्यांना सहज ऐकू जाणार. 'दुखतंय'च्या आत गेलं की शरीराचं चित्र, डोकं दाबलं की डोकं, पोट दाबलं की पोट. छाती दाबली तर फोन स्वतःच मला लागायचा. खाली कोपऱ्यात मागं यायचा पिवळा बाण.

पहिल्यांदा आवाज मशीनचा घातला होता. पप्पांनी पाण्यावर बोट ठेवलं आणि फोन म्हणाला, "मला पाणी हवे आहे." आईनं भाकरी थापता थापता मागं वळून बघितलं. "अगं बाई, कोण पाव्हणं आलं हे?" पप्पा इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग मी माझ्याच आवाजात सगळं भरलं. "पाणी द्या." "लई गरम होतंय, पंखा लावा." त्या दिवशी भेटायला आलेल्या प्रत्येकाला पप्पांनी बोटानं जयभीम घातला. एकाला तर तीनदा. मला वाटलं, झालं, सुटलो आपण.

कशाचं सुटलो! चार दिवसांनी भरदुपारी ऑफिसात माझा फोन वाजला आणि माझाच आवाज मला सांगायला लागला, "छातीत दुखतंय." मी लॅपटॉप उघडा टाकून निघाले. सिडकोतून मुकुंदवाडीपर्यंत स्कूटी कशी आणली ते मला आजही सांगता येणार नाय. घरी आई पदर तोंडाला लावून रडत होती. आठ दिवसांनी नळ आला होता म्हणून ती बाहेर हंडे भरत होती आणि आतून तो आवाज आला. काकूंनी गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं होतं. त्यांनी तपासलं, नाडी बघितली, बीपी बघितलं. सगळं ठीक. पप्पा आपले मान हलवून आरं आरं करत होते आणि वर पंख्याकडं बोट दाखवत होते.

त्यांना पंखा पाहिजे होता. बोट शेजारच्या 'दुखतंय'वर पडलं, आत गेले, तिथं काहीतरी दाबलं, ते नेमकं छातीवर बसलं. आणि तो मागचा बाण समोर असून त्याला हातही न लावता ते तिथंच थांबून राहिले.

भीती उतरली तशी माझी जीभ सुटली. "पप्पा, एवढा मोठा पिवळा बाण दिसत नाय का तुम्हाला? चुकलं तर मागं या, किती वेळा सांगितलं? शंभर वेळा सांगितलं!" डॉक्टर, काकू, सगळ्यांसमोर. पप्पांनी डोळे खाली घातले. ज्या माणसानं मला शाळेत असताना कधी ए सुद्धा म्हटलं नाय, त्याच्यावर मी गल्ली गोळा करून ओरडले. याची मला आजही लाज वाटते.

बातमी लासूरला पोचायला कितीसा वेळ लागणार? संध्याकाळी आत्याचा फोन. "आता बास झालं तुमचं मोबाईल-मोबाईल. रविवारी गाडी घेऊन येते. कपडे भरून ठेवा."

मी इरेला पेटले. दोन दिवस लावून असं केलं, की एखाद्या स्क्रीनवर पप्पा थोडा वेळ थांबले की ॲपनं स्वतःच मागं यायचं, थेट पहिल्या पानावर. बटणाची भानगडच नको. मला वाटलं, काय डोकं चालवलंय. पप्पांना फोन दिला. ते 'दुखतंय'मध्ये गेले, चित्र निरखत बसले, आणि तेवढ्यात स्क्रीन सरकन मागं गेली. त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की चष्मा खाली पडला. "आरं!" असं संतापलेलं मी त्यांना आजारपणात पहिल्यांदा बघितलं. पुन्हा दिला, पुन्हा तेच. मग फोन दूर ढकलून दिला.

आई दारात मेथी निवडत बसली होती. ती हसायला लागली. मला असा राग आला! "हसतेस काय? रविवारी आत्या येणारे."

"अगं, उभी गाडी आपोआप मागं घरंगळली तर ड्रायव्हर चिडंल नाय तर काय करंल?" आई म्हणाली. "आणि तू त्यांना मागं या, मागं या करतीस. त्यांच्या मागं उभं कोण राहिलंय?"

मला काहीच समजलं नाय. तेव्हा तिनं मेथीची टोपली खाली ठेवली आणि मला समजावून सांगितलं. बस मागं घ्यायची असली की कंडक्टर खाली उतरतो, गाडीच्या मागं जाऊन उभा राहतो, शिट्टी वाजवतो, आणि मगच ड्रायव्हर गाडी मागं घेतो. स्टँडात मागं कुणाचं लेकरू असंल, कुणाचं गाठोडं असंल, ड्रायव्हरला बसल्या जागेवरून काय दिसतंय? "सगळी नोकरी केली या माणसानं, मागं कुणी उभं असल्याबिगर एक वीत गाडी मागं घेतली नाय. घरची स्कूटर गल्लीतून मागं घ्यायची तरी मला हात धुवून बाहेर यायला लावायचे. भाजी करपू दे, पण तू मागं उभी राहा."

व्हय की! हे तर मी लहानपणापासून बघितलेलं. आई ओल्या हातानं गल्लीत उभी आणि पप्पा स्कूटरवर मान वळवून तिची वाट बघतायत. माझ्या डोक्यात कसं आलं नाय?

आई उठली, पप्पांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. मी फोन पुन्हा समोर ठेवला, आपोआप मागं येणारं बंद करून. पप्पा 'दुखतंय'मध्ये गेले, पोटावर गेले, आणि थांबले. आईनं मागून गल्लीत द्यायची तशी हाळी दिली, "येऊ द्या, येऊ द्या..." पप्पांनी बाण दाबला. एक स्क्रीन मागं. "येऊ द्या, येऊ द्या..." पुन्हा दाबला. पहिलं पान आलं. "बाऽऽस!" पप्पांनी बोट उचललं आणि वर मान करून आईकडं असं बघितलं, की मी उठून पाणी प्यायला आत गेले.

त्याच संध्याकाळी आईचा आवाज भरून घेतला. बाणाची जागा बदलली, चांगला तळहाताएवढा केला. आतल्या स्क्रीनवर पप्पा थांबले की फोनमधून आई म्हणायची, "येऊ द्या, येऊ द्या." बाण दाबला की पुन्हा तेच, आणि पहिल्या पानावर आले की "बाऽऽस!" तीन दिवस पप्पांनी नुसता सराव केला. मुद्दाम चुकीच्या ठिकाणी जायचे आणि तोऱ्यात मागं यायचे.

रविवारी आत्या गाडी घेऊन आलीच. आई अंगणात थांबली, पप्पांना कुणीच काही सांगितलं नाय. त्यांनी आत्यासमोर आधी चुकून 'दुखतंय' दाबलं. आत्या गडबडून उठायला लागली. पप्पांनी हातानंच तिला बस म्हटलं, बाण दाबून शांतपणे मागं आले, आणि चहावर बोट ठेवलं. मग तेच बोट आत्याकडं केलं. आत्यानं चहा घेतला, डोळे पुसले आणि म्हणाली, "राहू दे मंग इथंच. मीच येत जाईन." जाताना माझ्या पाठीत एक धपाटा घातला, तो मायेचा होता.

सोमवारी आई अंगणवाडीत गेली, मी ऑफिसात. पप्पा कुठलं बटण दाबतात ते माझ्या लॅपटॉपवर ओळी-ओळीनं उमटत होतं. काम करत होते पण जीव त्या ओळींत. पाणी. मग जयभीम, काकूंना असंल. मग बराच वेळ काही नाय. अकरा वाजून गेल्यावर एक ओळ आली. पहिलं पान, मागं. लगेच दुसरी. पहिलं पान, मागं. मग तिसरी, चौथी, त्या थांबेचनात. पहिल्या पानाच्या मागं काहीच नाय. मी ठरवलेलंच होतं, तिथं बाण दाबला तर ॲप बंद करायचं नाय, आईचा आवाज तेवढा येऊ द्यायचा आणि पान आहे तिथंच राहू द्यायचं. तिथं माणूस एकदा दाबंल, फार तर दोनदा. पप्पा खुर्चीतून कलंडले असतील, हात बाणावर पडला असंल. सीनियर सरांना एवढंच म्हटलं, "घरी जाऊन येते," आणि पळाले.

खिडकी उघडी होती. पप्पा खुर्चीत सरळ बसले होते, अंघोळ करून, भांग पाडून. फोन समोर. त्यांनी डावं बोट उचललं, बाणावर ठेवलं. "येऊ द्या, येऊ द्या... बाऽऽस!" आई म्हणाली. पप्पांनी डोळे मिटून ते ऐकलं. मग पुन्हा बोट उचललं.

मी खिडकीखाली उकिडवी बसून रडले. आत गेले नाय. त्यांच्या दोघांमध्ये कुठं जाणार? रुमालानं तोंड पुसून परत ऑफिसला आले.

संध्याकाळी आईला सांगितलं. "वेडंच झालंय हे माणूस," असं म्हणून ती कणीक मळायला लागली आणि पाठ फिरवून बराच वेळ मळतच राहिली. मग तिकडूनच म्हणाली, "लई खेकसल्यावानी आलाय गं माझा आवाज त्याच्यात. रोज ऐकणार असतील तर जरा नीट बोलते. दुसरा घे भरून."

मी फोन घ्यायला पप्पांकडं गेले. त्यांनी तो आधीच मांडीवर ओढून घेतला होता आणि निर्जीव उजवा हात डाव्या हातानं उचलून त्याच्यावर ठेवला होता. "आरं," ते मला म्हणाले, आणि काही केल्या हात काढू देईनात.