नाशिकचा अज्ञात साधू

आमच्या घरात एका अमेरिकन कवीचा विषय काढायची सोय नव्हती. काढलाच, तर नवरा जेवणावरून उठायचा. त्याचंही बरोबर होतं. सासरे गेले त्या वर्षी हा दाढीवाला कवी नाशिकला आला होता. नोकरी सोडा, घर सोडा, युद्धं करणाऱ्या सरकारांना जुमानू नका, असं सांगत तो जगभर हिंडायचा. त्याच्या नादी लागून माझे थोरले दीर इंजिनिअरिंग अर्ध्यावर टाकून निघून गेले. नवरा तेव्हा शाळेत होता. सासूबाईंनी एकटीने नोकरी करून त्याला डॉक्टर केलं.

नवं शतक सुरू झाल्यावर कधीतरी दीर पहिल्यांदा इंग्लंडात, साउथहॅम्प्टनला आमच्याकडे राहायला आले. साठी उलटलेली, नावावर दोन न खपलेले कवितासंग्रह. कवी तोवर वारला होता, पण त्याचं कौतुक वाढतच होतं. गावातल्या एका छोट्या गॅलरीत त्याने प्रवासात काढलेले फोटो लागले होते.

“नाशिकचे असतील तर मी असेन त्यात,” दीर म्हणाले. “चार दिवस एकत्र होतो आम्ही.”

आपण एखाद्या परक्या माणसामागे वेड्यासारखे धावलो नव्हतो, तो आपल्याला ओळखत होता, एवढंच त्यांना धाकट्या भावाला दाखवायचं होतं. नवरा आला, पण दात काढून घ्यायला निघाल्यासारखा.

फोटो होता. गोदावरीचा घाट, तुळतुळीत डोकं, अंगावर पंचा, हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मडकं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: अज्ञात तरुण साधू, नाशिक.

मला आधी हसू आलं, मग संताप. बापाच्या अस्थी घेऊन आलेलं, मुंडण केलेलं पोर ते, आणि यांना साधू दिसला!

नवरा फोटोच्या अगदी जवळ गेला. त्याला तेव्हा लहान म्हणून नाशिकला नेलं नव्हतं.

“त्यात बाबा आहेत?”

“हो.”

“दादा, मी डेस्कवर सांगतो. दिस इज टोटली राँग. कॅप्शन चेंज करायलाच पाहिजे.”

“राहू दे. त्यालाच ठाऊक नव्हतं, तर हे काय लिहिणार? चार दिवस माझ्या शेजारी झोपला, पण कोण गेलं म्हणून एकदा विचारलं नाही.”

“आणि अशा माणसासाठी तू आम्हाला सोडून गेलास?”

“घरी जो तो एकच विचारत होता, आता तू थोरला, पुढे काय करणार? त्याने काहीच विचारलं नाही. म्हणून तर गेलो रे.”

नवरा बराच वेळ त्या मडक्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “बाबा गेले तेव्हा तू एकटाच होतास का जवळ?”

दिरांनी होकारार्थी मान हलवली आणि तिथेच, त्या शांत गॅलरीत, ते ढसाढसा रडायला लागले.