टिकलीच्या पलीकडचा काटा

मेधाची अट एका वाक्याची होती. काटा टिकलीच्या पलीकडे गेला, की गाडी विकायची.

गाडी म्हणजे माझी दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार. काटा इंजिनाच्या तापमानाचा, इंजिन बंद असलं तरी दाखवणारा. तो एरवी जिथे थांबतो, तिथे मेधाने दसऱ्याच्या पूजेत मीटरच्या काचेवर टिकली लावली होती. गेल्या उन्हाळ्यात इंजिन उकळलं आणि आम्ही भर दुपारी रस्त्यात अडकलो. तेव्हापासून ती या गाडीत बसली नव्हती; आज बसली ती या अटीवर.

धायरीहून सकाळी निघालो, वाईला जाऊन यायचं होतं. शिरवळला मिसळ आणि चहा, दोघांचं तीनशेच्या आत. पुढे खंबाटकी. जाताना घाट चढावा लागतो, बोगदा परतीला. जुन्या गाडीने तो उन्हाआधी चढावा. आम्हाला उशीर झाला होता.

ट्रकमागे पहिल्या गिअरवर सरकत होतो. काटा टिकलीच्या कडेशी आला. मी हीटर लावला. इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते.

"मे महिन्यात हीटर," मेधा म्हणाली. "शेजारी कुणाला सांगू नकोस."

माथा आला. काटा कडेलाच होता. गाडी बाजूला घेतली आणि सिग्नलच्या सवयीने लगेच इंजिन बंद केलं.

त्या शांततेत काटा चढू लागला. टिकली ओलांडून गेला.

"दमली व्हय म्हातारी?" माथ्यावर काकडी विकत बसलेल्या मावशींनी विचारलं.

"म्हातारी नाही, तिचे मालक दमले," मेधा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "हरलास."

"घाट संपलाय."

"अट टिकलीची होती."

मी बॉनेट उघडलं. धग तोंडावर आली. पाणी फिरायचं थांबलं होतं, लोखंडातली उष्णता थांबली नव्हती. उभ्या पाण्यात ती उतरतच होती. हे मी वाचलं होतं. पाहिलं नव्हतं.

मेधा काट्याकडे बघत राहिली.

"गॅस बंद केला तरी तव्यावरची भाकरी करपते," ती हळू म्हणाली. "चालू कर."

चालू केली. काटा थरथरला, उतरू लागला, टिकलीआड गेला.

संध्याकाळी धायरीत पोचल्यावर इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवलं, मग बंद केलं. काटा तरीही चढला, टिकलीच्या जरासा पलीकडे.

मेधाने नखाने टिकली उचलली. काटा थांबेपर्यंत वाट पाहिली. मग तिथे लावली.