न दिलेला निरोप

माझ्या काकांचा आवाज तुम्ही ऐकलेला असणार. दर शुक्रवारी टीव्हीवर ती भीतीच्या गोष्टींची मालिका लागायची. दर वेळी नवा माणूस, नवा मोह. कुणाला नको ते बटण सापडायचं, कुणाला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू यायचं. पंचविसाव्या मिनिटाला तो माणूस पुरता फसलेला असायचा आणि पडद्यामागून काका म्हणायचे, "त्याला वाटलं, कुणी पाहत नाही." आम्ही पोरं पांघरुणात शिरायचो. गंमत म्हणजे मधली गोष्ट काकांनी कधी वाचलीच नाही. बारा भागांचे शेवट एका सकाळी बोलून ते घरी जेवायला यायचे. पाप कुणाचं, कोणतं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

ते काम खरं तर भोंगाकाकांना मिळायचं होतं. दणदणीत आवाजामुळे पडलेलं हे नाव. दोघं जिवलग, एका खोलीत राहायचे. आवाजाची चाचणी बुधवारी ठरली होती. सोमवारी खालच्या दुकानात फोन आला, की चाचणी उद्याच आहे, दोघांनी या. निरोप काकांनी घेतला आणि वर आले. भोंगाकाका दाढी करता करता गात होते. काका काही बोलले नाहीत. मंगळवारी एकटेच गेले आणि भोंग्याचा घसा बसलाय म्हणून सांगितलं. बुधवारी भोंगाकाका नवा शर्ट घालून गेले नि हात हलवत परत आले. वर त्यांनी काकांचं तोंडभरून अभिनंदन केलं. मला हेच जास्त टोचतं.

मालिकेतल्यासारखं पुढे काही घडलं नाही. उलट काकांचं नाव झालं. भोंगाकाका बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायला लागले आणि काकांनी बसने जाणंच सोडलं. माझ्या लग्नाला बसनेच यावं लागणार होतं, तर त्यालाही आले नाहीत, गुडघा दुखतो म्हणाले. मी वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नव्हते.

खरं कारण गेल्या वर्षी कळलं. भोंगाकाकांच्या घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं. काका माझ्याकडे आले आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. माझं खोटं खरं झालं गं, म्हणाले. मी चिडले. कुणाच्या बोलण्याने गाठ होत नाही, असलं टीव्हीवर ठेवा, म्हटलं. ऑपरेशन सोमवारी होतं. त्याआधी जाऊन सांगा, त्यांना काय बोलायचं ते बोलू द्या, असं मी बजावलं.

दुसरा कुणी सरळ उठून गेला असता. पण जित्याची खोड! काकांनी कबुली आधी लिहून काढली, मग टेपवर बोलून पाहिली. एकदा "क्षमा" फार नाटकी आलं, एकदा श्वास चुकला. मी फोन केला की उद्या नक्की जातो म्हणायचे. असं करता करता सोमवार उलटला.

पंधरा दिवसांनी मीच त्यांना हाताला धरून नेलं. भोंगाकाका खुर्चीत बसले होते, गळ्याला पट्टी, मांडीवर वही. काका पाठ केलेलं सगळं विसरले आणि अडखळत, नाक ओढत सांगत राहिले. भोंगाकाकांनी ऐकून घेतलं. मग बराच वेळ लिहून वही पुढे केली. काका मनात वाचायला लागले, तसं भोंगाकाकांनी कागदावर बोट आपटलं आणि त्यांच्या तोंडाकडे दाखवलं. मोठ्याने वाचायचं होतं.

काकांनी वाचलं. "मला बुधवारीच कळलं होतं. घसा कसा आहे म्हणून त्या लोकांनीच विचारलं. अभिनंदन केलं तेव्हा मला माहीत होतं. आज ना उद्या तू सांगशील म्हणून थांबलो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीसुद्धा वाट पाहिली. माफ केलं, असं मला तोंडाने म्हणायचं होतं. आता लिहून देणार नाही."

काकांनी एक शब्दही गाळला नाही. वही मिटून परत दिली आणि भोंगाकाकांनी ती घेतली.