पेला संपेपर्यंत

हेब्बाळे संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर अनोळखी माणसांना दूध पाजायचा. पुण्य लागावं म्हणून नव्हे. समोर म्हैस पिळली जातेय, फेसाळ पेला हातात येतोय, आणि भरला पेला हातात असलेला माणूस चटकन निघून जाऊ शकत नाही, हे त्यानं हेरलं होतं. "पावणं, घ्या की," म्हणून पेला द्यायचा आणि रविवारच्या पेपरात द्यायचा लेख त्या माणसाला तोंडीच सांगायला लागायचा. ऐकणारा "बरं" म्हणाला, की खिशातला कागद काढून तेवढा मजकूर खोडायचा. "मग?" म्हणाला, की ठेवायचा. पेला संपला आणि माणूस तरीही उभा राहिला, तर त्या दिवशी स्वारी खूश.

मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, भूशास्त्रातला डॉक्टर माणूस! आम्ही दोघं एकाच कॉलेजात शिकवायचो. दोघांचे प्रबंधही एकाच विषयावर, आपल्या भागातल्या काळ्या खडकावर. माझा त्याच्या आधीचा आणि जाडीला चांगला दुप्पट. इथं मी त्याला खुशाल अरेतुरे करतोय, पण तोंडावर आम्ही एकमेकांना 'सर'च म्हणत असू. तो नेसरीकडचा. घरात आईशी कानडी, बाहेर रांगडी मराठी, आणि ती मराठी त्यानं वर्गातसुद्धा कधी बदलली नाही.

माझी बायको माधवी शाळेत गणित शिकवायची. बाई हुशार. माझं संशोधन मी तिला लग्नापासून सांगत आलो आणि ती लग्नापासून 'बरं' म्हणत आली. "बरं. येताना कोथिंबीर आणाल?" हेब्बाळेचा कट्ट्यावरचा उद्योग बघेपर्यंत मला त्या 'बरं'मध्ये काही वावगं वाटलं नव्हतं. तो बघितला आणि हातातला पेला अर्धाच खाली ठेवला.

मग त्याचे लेख यायला लागले. पहिलाच लेख दाराच्या पायरीवर. ज्या दगडावर बसून तुम्ही पेपर वाचताय तो कधीकाळी पातळ होता आणि वाहत इथवर आला, अशी सुरुवात. त्याच दगडावर मीही एका मासिकात लिहिलं होतं, व्याख्येपासून सुरुवात करून, तळटीपांसकट. माधवीनं हेब्बाळेचा लेख मला मोठ्यानं वाचून दाखवला. संपल्यावर पान उलटून बघितलं आणि म्हणाली, "मग? पुढचं आता रविवारीच?" मी म्हटलं, मला विचार की, मी सांगतो. ती म्हणाली, नको, त्यांनाच सांगू दे.

जोतिबाच्या घाटात डोंगराच्या कापात एक तांबडी रेघ दिसते. स्कूटरवरून जाताना मी ती माधवीला दर वेळी दाखवायचो, शास्त्रीय नावासकट. मागून 'बरं' यायचं. हेब्बाळेनं त्या रेघेवर लिहिलं, की दोन लाव्हांच्या मधल्या काळात इथं माती झाली, पाऊस पडला, झाडं आली, बघायला मात्र कोणी नव्हतं. मग वरून पुन्हा लाव्हा आला आणि ती माती विटेसारखी भाजून निघाली. त्यानंतर आम्ही जोतिबाला निघालो तर घाटात माधवीनं माझ्या खांद्यावर थाप मारून स्कूटर थांबवायला लावली. उतरली, त्या रेघेवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मी स्कूटर धरून उन्हात उभा. माझीच बायको, माझाच खडक, आणि थांबली ती त्याच्यासाठी. माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू! देवापुढं उभा राहिलो तेव्हाही डोक्यात हेब्बाळेच.

त्याच्या लेखांचं पुस्तक निघालं तेव्हा मी लाल पेन घेऊनच ते वाचायला बसलो. सोपं लिहिलंय म्हणजे कुठंतरी खोटं असणारच, अशी माझी खात्री होती. अख्ख्या पुस्तकात एक चूक सापडली नाही. तो दिवस माझा फार वाईट गेला. तरी स्टाफरूममध्ये त्याला गाठून म्हटलं, अपवाद गाळलेत तुम्ही. तो शांतपणे म्हणाला, "खोटा एक शब्द न्हाय, सर. सगळं सांगितलं न्हाय, एवढंच."

शेवटी न राहवून मीही एक लेख लिहिला आणि त्याच्याकडं नेला. तो मला कट्ट्यावर घेऊन गेला. मुरगूडहून आलेल्या एका गूळवाल्याच्या हातात पेला दिला आणि मला म्हणाला, सांगा. मी सांगायला लागलो. त्या भल्या माणसानं गरम दूध एका दमात घशाखाली घातलं, "बरं हाय," म्हणाला आणि गेला. हेब्बाळे हसला नाही. हसला असता तर मला बरं वाटलं असतं. परतताना म्हणाला, "सर, दारात आलेल्या पावण्याला तुम्ही आधी नाव-गाव-गोत्र इचारताय. त्याला आत तर येऊ द्या की. व्याख्या चहाबरोबर द्या." आणि थोडं चालल्यावर म्हणाला, "आपुन अजून प्रबंध तपासणाऱ्या कमिटीला भिऊन लिवतोय. कमिटी कवाच घरी गेली. आता वाचणाऱ्याला भ्या."

पटलं मला, पण उपयोग काय? घरी येऊन लिहायला बसलो की ती कमिटी पुन्हा टेबलाभोवती बसलेलीच असायची.

निवृत्तीनंतर तो नेसरीला जाऊन राहिला आणि तिथं त्याला घशाचा आजार जडला. मी भेटायला गेलो तेव्हा तो खाटेवर उशाला टेकून बसला होता. आवाज जवळजवळ गेलेला, नुसती कुजबुज. गप्पा मारून लिहिणाऱ्या माणसाचा घसाच जावा, याचं मला खरोखर वाईट वाटलं. तरीही पिशवीतून माझा नवा लेख काढलाच. त्यानं डोळे मिटून सगळा ऐकला आणि कुजबुजला, "बरं."

मी भडकलो. म्हटलं, एवढ्या लांब आलोय, निदान आज तरी खोटं बोला. आणि मग थांबताच येईना. ती स्कूटर, ती तांबडी रेघ, माधवीचा तळहात, लाल पेन, सगळं भडाभडा बोलून टाकलं. तुमच्यावर जळत माझा जन्म गेला, असंही म्हणालो. हेब्बाळे डोळे उघडून ऐकत होता. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा कळलं, गडी हसतोय. मला जवळ बोलावून म्हणाला, "हे लिवा की, सर. हितं कोण कमिटी न्हाय."

पावसाळा संपता संपता तो गेला.

मी लिहिलं, ते हे. काल संध्याकाळी माधवीला वाचून दाखवलं. ती गवार मोडत बसली होती. कट्ट्यावरच्या फजितीला हसली. घाटातल्या स्कूटरपाशी तिचे हात थांबले. तो गेला, इथवर वाचून मी कागद खाली ठेवले आणि नेहमीच्या 'बरं'ची वाट बघत बसलो.

माधवीनं विचारलं, "मग?"

अख्खा संसार ज्या एका शब्दासाठी ताटकळलो, तो आला. आणि आला तोही हेब्बाळेच्याच गोष्टीला. मला रडूही आलं आणि पोटातही दुखलं, अगदी पहिल्यासारखं. मेला तरी गडी पुढंच.