सात माऊथपीस, एकच तक्रार

"हाऊ बी तसाच शे," नाना गल्लीतून ओरडले. तो चौथा माऊथपीस होता.

जळगावात मी पितळी वाद्यं दुरुस्त करतो. नाना अमळनेरच्या एका बँडमध्ये पहिला ट्रम्पेट वाजवतात, म्हणजे गाण्याची चाल त्यांच्याकडे. पण महिनाभर त्यांचे वरचे सूर दाटून येत होते. बँडमालक माझ्या स्टुलावर बसून सारखा घड्याळ बघत होता.

"दुपारी धुळ्याला वरात आहे. जमत नसेल तर आत्ताच सांगा. तिथला ट्रम्पेटवाला तयार आहे. नाना झांजा धरतील."

तीस वर्षं पुढे चालणाऱ्या माणसाच्या हाती झांजा! मला भयंकर राग आला. पण बिघाड मलाही सापडत नव्हता.

माऊथपीस म्हणजे ओठांना लावायची वाटी आणि तिची नळी. वाटी खोल असली की आवाज गोल येतो, उथळ असली की वरचे सूर सोपे जातात. नळी ट्रम्पेटमध्ये किती आत बसते, यावरही फुंक मोकळी जाते की अडते हे ठरतं. मी उथळ वाटीचा देऊन पाहिला, रुंद काठाचा दिला. दुकान लहान, म्हणून नाना दर वेळी बाहेर जाऊन वाजवत. सातवाही 'तसाच' निघाला तेव्हा माझं डोकं फिरलं. सात वेगळ्या वस्तूंची तक्रार एकच कशी? आठवा देऊन मीही त्यांच्या मागोमाग बाहेर गेलो.

नानांनी खिशातून दोरा काढला. नळीवर चार वेढे दिले आणि मग माऊथपीस ट्रम्पेटमध्ये दाबला.

"नाना, हे काय?"

"माऊथपीस मांगे वरातमा पडी गयथा," ते खाली बघत म्हणाले. "बठ्ठा लोक हासनात."

"कधी?"

"महिना झाया."

दोऱ्यामुळे नळी पूर्ण आत जातच नव्हती. फुंक तिथेच अडत होती. त्या दिवशी घाईत नानांनी माऊथपीस नुसता ठेवला असणार. मी दोरा सोडला, त्यांचाच जुना माऊथपीस पुसून आत सारला आणि किंचित पिळला.

"आता हलवा."

नानांनी ट्रम्पेट उलटा करून जोरजोरात हलवला. माऊथपीस जागचा हलला नाही. मग त्यांनी वाजवलं. वरचा सूर असा सुटला की समोरचा चहावाला गिऱ्हाईक सोडून बाहेर आला. नानांनी पाठ फिरवून डोळे पुसले. मालकाने धुळ्याला फोन लावला आणि "राहू द्या" एवढंच म्हणाला.

माझा एकही माऊथपीस विकला गेला नाही. तक्रार मी सकाळपासून नीट ऐकत होतो. वाजवणाऱ्याचे हात बघायचे तेवढे राहिले होते.