टेकू काढणारे मामा

आमच्या आत्याच्या यजमानांनी काहीतरी शिकवायचा प्रयत्न केला नाही असा माणूस, असं जनावर किंवा असा वेल सदलग्याच्या पंचक्रोशीत उरला नव्हता. आम्ही भाचरं त्यांना मामा म्हणत असू. गावातल्या मराठी शाळेत ते मास्तर होते. शाळा पाच वाजता सुटे, मामांची शिकवणी मात्र कधीच सुटत नसे. त्यांचं म्हणणं साधं होतं. शिकणाऱ्याला आधी टेकू द्यावा, आणि मग तो टेकू असा हळूच काढावा की त्याच्या लक्षातसुद्धा येऊ नये. यात चूक काहीच नव्हती. फक्त कुणाचा टेकू कधी काढावा, याबद्दल मामांचं आणि जगाचं एकमत होत नसे. आत्यानं परसात दोडक्याचा मांडव घातला होता. वेल चांगला वर चढल्यावर एका सकाळी मामांनी मांडवाचे बांबू उपसून काढले. आत्या बाहेर येऊन बघते तो सगळा वेल जमिनीवर पसरलेला. मामा त्याच्याकडे नापास झालेल्या मुलाकडे बघावं तसे बघत म्हणाले, "घाई झाली. आणखी एक आठवडा द्यायला पाहिजे होता."

मला त्यांनी दूधगंगेत पोहायला शिकवलं, तेही याच पद्धतीनं. पाठीला वाळलेले भोपळे बांधायचे आणि एकेक कमी करत जायचे. एकदा मी नदीच्या मधोमध मजेत हात मारत असताना मामा काठावरून आनंदानं ओरडले, "अरे, तुझ्या पाठीवर भोपळाच नाही!" त्या क्षणापर्यंत मला पोहता येत होतं.

वर्गात ते शब्दाचं पहिलं अक्षर म्हणत, भुवया वर करत आणि थांबत. उरलेला शब्द मुलांनी पुरा करायचा. वर्गात हे फार छान चालायचं, पण ही सवय त्यांच्याबरोबर घरी आली. जेवायला बसले की म्हणायचे, "आज भाकरीबरोबर वां..." आणि भुवया वर. आत्या म्हणायची, "वांगं न्हाय, पिठलं." शेजारणीला ती सांगायची, "ह्यांच्यासंगं संसार म्हंजे रोज गाळलेल्या जागा भरायच्या, बाई."

पुढे मला बेळगावला कोर्टात कारकुनी मिळाली. कोर्टाच्या एका लांब सुट्टीत मी आत्याकडे गेलो, तर ओसरीवर बाबगोंडा पैलवान मांडी घालून रडत बसलेला. माणूस एवढा मोठा की ओसरी लहान वाटत होती. त्याला निपाणीची एक मुलगी फार आवडली होती. तिचा बाप तंबाखूचा अडत्या. मुलगी मराठी चौथी झालेली. बापानं निरोप धाडला होता, की कुस्ती आम्हाला ठाऊक आहे, पण ज्याला वाचता येत नाही त्याला मुलगी द्यायची नाही. पुढच्या महिन्यात या, वाचून दाखवा आणि मग बोलू.

"मास्तर, समोर माणूस असता तर धरून आपटला असता," पैलवान हुंदके देत म्हणाला. "ह्यो 'ळ' धरायचा कुठं?"

मामांना असा विद्यार्थी आयुष्यात मिळाला नव्हता. त्यांनी त्याला थेट तालमीत नेलं. तिथल्या तांबड्या मातीत हातभर अक्षरं काढली आणि पैलवानाला त्यांवरून पायाच्या अंगठ्यानं गिरवायला लावलं. आधी मामा पुढे आणि तो मागे. मग दोघं बरोबर. मग मामा फक्त पहिलं अक्षर म्हणायचे. मग तेही बंद, नुसत्या भुवया. पैलवान खरोखर वाचायला लागला! पण भुवया वर गेल्या की वाक्य सुरू, खाली आल्या की बंद. हा टेकूसुद्धा काढायचा म्हणून मामा भुवयांवरून पंचा बांधून शिकवू लागले. मास्तरांना अर्धशिशी झाली अशी गावात बातमी पसरली आणि चार घरांतून सुंठ आली.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं बैलगाडीनं निपाणीला गेलो. पोहे झाले. अडत्यानं वर्तमानपत्र आणून पैलवानाच्या हातात दिलं. "वाचा बघू, पाव्हणं." पैलवानानं मामांच्या भुवयांकडे पाहिलं. त्याच घटकेला मामा उठले.

मी त्यांचं धोतर धरलं. "मामा, आत्ता नको!"

"आत्ताच," असं कुजबुजून त्यांनी धोतर सोडवून घेतलं आणि अंगणात जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

पैलवानानं कागद उलटासुलटा करून पाहिला. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. मोठमोठ्या मैदानांत न डगमगलेला तो माणूस पहिल्याच शब्दापाशी गुडघे टेकून बसल्यासारखा झाला. अडत्या खाकरला. आता हा उठून पळणार असं मला वाटलं. तेवढ्यात आतल्या दाराआडून अगदी हलका आवाज आला, "तं..."

"तंबाखूच्या!" पैलवान गरजला. "तंबाखूच्या भावात... भावात..."

"ते..." दाराआडून.

"तेजी!" आणि मग उतारावर सुटलेल्या गाडीसारखा तो निघाला. भाव वाचले, पावसाची बातमी वाचली, केसांच्या तेलाची जाहिरात वाचली. अडत्या हात जोडून म्हणू लागला, "बास, पैलवान, बास!" पण तो छापखान्याच्या नावापर्यंत जाऊनच थांबला.

"कोण गं ते आत?" अडत्यानं दरडावून विचारलं.

मुलगी दारात आली. मान खाली, पण आवाज धीट. "मीच, आप्पा. त्येस्नी वाचाय येतंय की. निस्तं सुरू करून द्यावं लागतंय."

अडत्यानं तिच्याकडे पाहिलं, घामानं भिजलेल्या पैलवानाकडे पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. "मग जन्मभर तूच सुरू करून दे जा!"

परतताना पैलवान गाडीतून उतरून आनंदानं बैलांच्या पुढे धावत होता.  मामा मात्र म्हणाले, "तसा तो नापासच. तिनं टेकू दिला."

"तुम्ही बाहेर गेलात कशाला पण?" मी चिडून विचारलं.

"मी आत असतो तर ती बोलली असती का रे?" मामा म्हणाले. हे त्यांना आधीच सुचलं होतं की गाडीत बसल्यावर, ते मला आजही सांगता येणार नाही.

काही वर्षांनी मामा निवृत्त झाले. त्यांना आणि आत्याला बेळगावला आणण्यासाठी मी गेलो होतो. निरोपसमारंभ त्यांनी घेऊ दिला नाही. शेवटच्या दिवशी मोठ्या मुलांना धाकट्यांचा धडा घ्यायला बसवून ते गुपचूप बाहेर आले. सामानानं भरलेली गाडी शाळेशेजारीच उभी होती. आत धडा चालू होता. एक मुलगी अडली, दुसऱ्यानं तिला सांभाळून घेतलं आणि सगळे पुढे गेले. मामा चाकाला हात लावून ऐकत राहिले.

"मामा, जमलं बघा तुम्हाला," मी म्हणालो. "तुम्ही गेलेलं कुणाला कळलंसुद्धा नाही."

"व्हय," मामा म्हणाले, "जमलं." आणि गाडीत चढले.

गाव मागं पडलं, उसाचे मळे लागले.  मग मामा आत्याकडे न बघता हळूच म्हणाले, "एकानं तरी खिडकीतून डोकं काढायला हवं होतं गं."

 आत्यानं मधलं बोचकं उचलून पलीकडे ठेवलं आणि त्यांच्या जवळ सरकून बसली.